मॉरिसेतनं पाटी मारली

मॉरिसेत कुदेर्कबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, तो आधी हसेल. मग तिच्या शेळ्यांबद्दल सांगेल, चीजबद्दल सांगेल, आणि शेवटी म्हणेल, "सायकल? हो, चालवते की. चालवते म्हणजे काय, मागून येते." असं बोलणाऱ्याला मी माझ्या दुकानात उभा करत नाही. मी रेजी, कास्तेलब्रूचा खाटीक. मॉरिसेतला नावं ठेवायची तर ती आम्ही ठेवू, दर रविवारी तिच्याबरोबर गुडघे झिजवणारे. ज्यानं जन्मात पायडल मारलं नाही त्यानं तोंड जेवायला वापरावं.

तिचं वय अडुसष्ट. नदीकाठच्या जुन्या गिरणीत राहते. अठरा शेळ्या आहेत आणि एक बोकड आहे, ज्याला तिनं आमच्या माजी सरपंचाचं नाव दिलंय. सरपंच निवडणुकीत पडला, बोकड अजून टिकून आहे. रविवारी पहाटे धारा काढायच्या, दूध विरजायचं, आदल्या दिवसाच्या चीजच्या चकत्या उलटायच्या, आणि मग सायकलवर टांग टाकून चौकात यायचं, केसांत गवताच्या काड्या तशाच. कुणी सांगितलं की बाई, डोक्यात गवत आहे, तर म्हणते, "असू दे, वाटेत भूक लागली तर."

सायकल तिच्या नवऱ्याची, नोर्बेरची. हिरवी, लोखंडी, माझ्या डीप फ्रीझरइतकी जड. नोर्बेर भला माणूस होता, पण त्यानं ती सायकल आयुष्यभर फक्त गळ टाकायला जाण्यासाठी वापरली. तो गेला त्या वर्षी, एका रविवारी सकाळी, नादेजच्या कॅफेसमोर आम्ही टायरात हवा भरत उभे होतो आणि ही तिथे आली. सायकलच्या दांड्यावर मासे अडकवायचा आकडा अजून तसाच होता.

"कुठे चाललात?"

"मार्सिलॅकपर्यंत, नदीनदीनं," मी म्हणालो.

"चला, मी पण येते. घरी बसून त्या रिकाम्या खुर्चीचं तोंड किती बघू?"

कोण नाही म्हणणार? त्या दिवशी ती शेवटी आली. पुढच्या रविवारी शेवटी आली. एकोणीस वर्षं झाली, अजून शेवटीच येते. आणि खरं सांगू, ती निव्वळ हळू आहे म्हणून नाही. आम्ही जीव मुठीत धरून चढ चढत असतो आणि मागे वळून बघावं तर बाई गायब. काळजीनं परत खाली जावं तर ही चेस्टनटच्या झाडाखाली ओणवी, हातात सुरी, आणि हेल्मेटमध्ये भूछत्रं.

"अगं, आम्ही वर थांबलोय."

"थांबा की. चढ कुठे पळून जातोय? ही उद्या राहणार नाहीत."

यावर माझं डोकं फिरतं. पण सोमवारी तीच भूछत्रं लसूण घालून परतलेली, झाकण लावून, माझ्या दुकानाच्या पायरीवर असतात. मग माणूस चिडणार तरी किती?

आता पाटीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं.

प्रत्येक गावाच्या तोंडाशी पाटी असते, पांढरी, लाल काठाची, तिच्यावर गावाचं नाव. ती दिसली की आमच्यातला शहाणासुरता माणूससुद्धा येडा होतो. गप्पा मारत, सुनेच्या तक्रारी सांगत चाललेला घोळका एकदम गप्प होतो, गिअर खडखडतात, आणि जो तो पाटीकडे सुटतो. आधी पोचला त्यानं पाटी मारली. त्याला बक्षीस नाही, टाळी नाही, काही नाही. पण आपल्या गावाची पाटी वेगळी. फिरून परत येताना जो कास्तेलब्रूची पाटी मारील तो पुढच्या रविवारचा रस्ता ठरवणार. हा आमचा कायदा. आणि रस्ता मागायचा नाही, विनवायचा नाही, हा त्या कायद्याचा दुसरा भाग.

तो दुसरा भाग का आला तेही ऐका. पूर्वी कुणीही म्हणावं, जरा इकडून जाऊ या. मग आमच्यातल्या तिएरीला त्याच्या सासूच्या दारावरून जायचं, कारण ती अक्रोडाचा केक देते. दुसऱ्याला मेव्हण्याची नवी गाडी बघायची. एका रविवारी तर आम्ही तीन घरचे केक खाल्ले आणि सायकली हातानं ढकलत घरी आलो. त्यानंतर रोलाँनं कायदा केला. रोलाँ आमचा अध्यक्ष, निवृत्त पोलीस, सगळे त्याला साहेब म्हणतात. आणि त्या कायद्याला सगळ्यांत जोरात हात वर कुणी केला असेल? मॉरिसेतनं. "भिकेचे रस्ते नकोत," असं तेव्हा ती म्हणाली होती. घ्या. आपल्याच हातानं आपल्या वाटेवर धोंडा.

कारण तिला एक रस्ता हवा होता. फक्त एकच.

नदीच्या खोऱ्यातून वर माळावर एक चढ जातो, वळणावळणाचा, खडबडीत. वर पोचलं की दगडी कुंपणं, खुरटे ओक आणि मेंढ्या. तिथे लू पेश म्हणून वाडी आहे, पाच उंबऱ्यांची, त्यातले चार बंद. पाचव्या घरात लेओंतीन राहते, मॉरिसेतची थोरली बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची. आई लवकर गेली, तेव्हा या लेओंतीननंच मॉरिसेतला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, आणि मेंढ्यांच्या वाड्यात मागून सीट धरून सायकल शिकवली. दोघींत एकच सायकल होती. लेओंतीन स्वतः अशी चालवायची की जत्रेच्या शर्यतीत पोरं तिच्या मागे राहायची. हे मॉरिसेत सांगते, आणि मॉरिसेत भूछत्रं कुठे सापडली एवढं सोडून कशात खोटं बोलत नाही.

लेओंतीनचं कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला खाली उतरता येईना. जुलैत टीव्हीवर सायकलींची मोठी शर्यत लागली की सगळ्या खिडक्या लावून ती आत बसते, आणि नंतर वर्षभर फाटकाशी खुर्ची टाकून रस्ता बघते. रस्त्यावरून काय जातं? मेंढ्या, दुधाची गाडी आणि पोस्टमन. मॉरिसेत आठवड्यातून दोनतीनदा गाडीनं वर जाते, तिला आंघोळ घालते, सूप करून ठेवते. आणि दर वेळी लेओंतीन तिला डिवचते.

"कसा आहे तुझा क्लब?"

"बरा आहे."

"आहे ना नक्की? मी तर कधी पाहिला नाही. मला वाटतं तुझा क्लब म्हणजे तू आणि तुझा तो बोकड."

मॉरिसेत हे आम्हाला हसत हसत सांगायची. पण मी खाटीक आहे, हाडाशी सुरी लागली की मला कळतं. तिला तिच्या बहिणीच्या दारावरून आमचा सगळा घोळका न्यायचा होता. पण पाटी मारणारा कोण, तर फ्लोरियाँ. वर्षात पन्नास रविवार तर चाळीस वेळा तोच. छपरं घालणारा तिशीच्या आतला गडी, मांड्या अशा की माझ्या दुकानात टांगल्या तर सणाची विक्री होईल. त्याला नदीकाठचा सपाट रस्ता आवडतो. उरलेल्या वेळा मी नाही तर तिएरी, आणि आम्हाला वाटेतली खानावळ आवडते. लू पेशला कोण मरायला जातोय?

त्या वर्षी ऑक्टोबरात गोष्ट निकराला आली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मृतांच्या सणाला, कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवून झाल्या की लेओंतीनला फिजाकच्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं. ठरवलं तिनंच. "तिथे लिफ्ट आहे, रोज दुपारी चॉकलेटची खीर आहे, आणि माझ्याहून बहिऱ्या बायका आहेत, मजा येईल," असं ती म्हणाली. रडारड नाही, काही नाही. पण फाटक, खुर्ची आणि रस्ता इथेच राहणार होते. तिच्या जाण्याआधी आमचे दोनच रविवार उरले. म्हणजे लू पेशला जायचं तर शेवटच्या रविवारी, आणि त्यासाठी या रविवारी मॉरिसेतनं पाटी मारायला हवी होती. सगळ्या गावाला हे माहीत, कारण नादेजला माहीत झालं होतं.

त्या सकाळी चौकात फ्लोरियाँ तिच्याजवळ गेला. पोरगा मनानं चांगला आहे, पण अक्कल छपरावर ठेवून खाली उतरतो. म्हणाला, "ऐक ना, आज पाटी मी सोडतो. तू घे."

आमच्यात सायकलवर बसलं की अहो-जाहो नाही, थोरला-धाकटा नाही. पण तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"सोडलेली पाटी? ती तुझ्या कुत्र्याला घाल. मी काय तुमच्या पायरीवर बसलेय वाडगं घेऊन?"

"अगं, पण लेओंतीनसाठी—"

"लेओंतीनला कळलं ना की तुम्ही दया म्हणून आलात, तर ती काठी फेकून मारील. तुला नाही, मला. आणि नेम चांगला आहे तिचा."

"मग काय करणार?"

"मारीन."

आम्ही हसलो. मीही हसलो, आता लाज कसली.

त्या दिवशी सेले नदीच्या काठानं गेलो. नदीवर धुकं, पॉपलरची पानं पिवळी झालेली, दारोदारी अक्रोड वाळत घातलेले. वाटेतल्या गावांच्या चार पाट्या फ्लोरियाँनं मारल्या, एक मी मारली, तिएरी वाकून चेन बघत होता म्हणून. मॉरिसेत नेहमीसारखी मागे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली की ती भूछत्रांसाठी एकदाही थांबली नाही. बडबडही नाही. मला वाटलं, बिचारी खचली.

गावाकडे परतताना रस्त्याकडेच्या शेवटच्या क्रूसापाशी सगळ्यांनी थांबायचं, मागचे येईपर्यंत, हाही नियम. कास्तेलब्रूची पाटी सगळ्यांनी एकत्र सुटून मारायची, नाहीतर ती धरत नाहीत. तिथून सरळ रस्ता, डावीकडे नदी. मग लाकडाची आरा-गिरणी, मग पाच नवी घरं, पूल, आणि पुलापलीकडे जुन्या धुणीघाटाच्या भिंतीपाशी पाटी. कुणी कुठे जोर लावायचा हे ठरलेलं. आरा-गिरणीपर्यंत कुणी पुढे होत नाही, कारण जो पुढे जाईल तो वारा खाईल आणि बाकीचे त्याच्या चाकाला चिकटून येतील. नव्या घरांपाशी तिएरी खोटी उडी मारतो. पुलावर मी. आणि पुलानंतर फ्लोरियाँ आम्हा दोघांना गिळतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि दर वेळी वाटतं आज वेगळं होईल.

तर आम्ही असे, एकमेकांकडे तिरक्या डोळ्यानं बघत, आरा-गिरणीच्या जरा अलीकडे आलो आणि उजवीकडून ती हिरवी सायकल गेली.

मॉरिसेत. उभी राहून पायडल मारत होती. सायकल करकरत होती, केसातलं गवत उडत होतं.

"अगं कुठे?" तिएरी ओरडला. "अजून लांब आहे."

"शेळ्यांनी बोलावलं वाटतं," मी म्हणालो, आणि सगळे खिदळले. फ्लोरियाँ तर मान हलवत म्हणाला, "बिचारी दमेल आणि पुलावर गळेल." कुणी हललं नाही. कशाला हलेल? इतक्या लवकर सुटणाऱ्याच्या मागे जायचं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ती आरा-गिरणीवरून पुढे गेली, एक हात वर केला, आणि पायडल मारायचं सोडून दिलं. आम्हाला वाटलं, संपली.

आम्ही तिला ओलांडलं. जाताजाता मी तिच्याकडे बघितलं, तर ती हसत होती. दमलेला माणूस हसतो कधीकधी, म्हणून मी पुढे गेलो. तिएरीनं घरांपाशी खोटी उडी मारली, मी पुलावर जीव काढला, आणि फ्लोरियाँनं दोन्ही हात आकाशात वर करून धुणीघाटाची भिंत ओलांडली.

मग त्यानं हात खाली घेतले.

"पाटी कुठाय?"

पाटी नव्हती. भिंतीपाशी ताज्या मातीची दोन ठिगळं, आणि त्यावर कुणाची तरी कोंबडी उकरत होती. आम्ही तोंडं वासून उभे. मग सगळ्यांनी एकदम मागे बघितलं. तिकडे लांब, पुलाच्या पलीकडे, नव्या घरांच्याही अलीकडे, आरा-गिरणीला लागून आमच्या गावाची पाटी उभी होती, आणि तिच्या खांबावर हात टाकून मॉरिसेत उभी होती.

झालं होतं असं की पाच नवी घरं गावात धरली गेली, म्हणून रस्तेवाल्यांनी गुरुवारी येऊन पाटी उपटली आणि घरांच्या अलीकडे रोवली. चोरून नाही, भर दिवसा.

नादेजच्या कॅफेत जो गदारोळ झाला तो विचारू नका. बाकडी ओढली, बडीशेपेच्या दारूचे पेले आले, आणि मीच सगळ्यांत जास्त बोंबललो. का, तर माझ्या डोक्यात पुढच्या रविवारची खानावळ होती, आणि तिथली बदकाची तंगडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. फ्लोरियाँही लालबुंद. गंमत बघा, सकाळी हाच पाटी द्यायला निघाला होता. दिली असती हसत. घेतलेली मात्र त्याला सोसेना.

"पाटी म्हणजे धुणीघाट," तो म्हणाला. "माझा बापही तिथेच मारायचा."

"मग धुणीघाट मारलास असं म्हण," मॉरिसेत म्हणाली. "धुणीघाट तुझा. कपडे घेऊन जा."

"ही बदमाशी आहे. तुला माहीत होतं."

"होतं तर. गुरुवारी त्या रस्तेवाल्यांना चीज कुणी दिलं? मीच. खड्डा खणत होते बिचारे."

"आणि आम्हाला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

रोलाँ साहेबानं टेबलावर चमचा वाजवला. निवृत्त झाला तरी त्याचा तो आवाज गेला नाही. चमचा वाजला की माणूस आपोआप खिशात कागदपत्रं चाचपतो.

"एकेकानं उत्तर द्या. रेजी, गुरुवारपासून त्या पाटीवरून किती वेळा गेलास?"

मी आठवलं. शुक्रवारी मटण पोचवायला गेलो, शनिवारी तिकडूनच बाजार केला. "सहा-सात वेळा," मी म्हणालो, जरा हळूच.

"दिसली नाही?"

"साहेब, आपल्याच गावाची पाटी कोण वाचतो?"

"तिएरी?"

"रोज. बायकोला कामावर सोडायला."

"फ्लोरियाँ?"

फ्लोरियाँ पेल्यात बघत बसला. तेव्हा नादेज आतून म्हणाली, "अरे, तू तर त्याच घरांवर कौलं चढवतोयस ना या आठवड्यात?"

"हो."

"मग?"

"शुक्रवारी दुपारी," तो पेल्यालाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "त्या खांबाला टेकून जेवलो मी."

मग तिएरीच्या नाकातून दारू बाहेर आली, आणि पुढे काही बोलायची सोयच राहिली नाही. रोलाँ साहेब, ज्याला हसताना त्याच्या बायकोनंही क्वचितच बघितलं असेल, तो टेबलावर डोकं टेकून हसत होता. फ्लोरियाँही हसला शेवटी, पोटाला हात लावून. मलाही माझी तंगडी गेली याचं काही वाटेना. निकाल कुणी दिलाच नाही. द्यायचं राहिलं होतं काय?

"बोल बाई," साहेब डोळे पुसत म्हणाला. "रस्ता?"

मॉरिसेतनं पेला खाली ठेवला.

"लू पेश."

पुढच्या रविवारी खोऱ्यात धुकं असं की पुढच्याचं चाक दिसेना. एकही माणूस गळाला नाही, उलट जे वर्षातून दोनदा उगवतात तेही आले, पोटं आत ओढून. आणि तो चढ. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मी त्या चढावर देवाला, सरपंचाला आणि मॉरिसेतच्या सगळ्या शेळ्यांना नावानिशी शिव्या दिल्या. अर्ध्यावर धुकं खाली राहिलं आणि ऊन लागलं. वर पोचलो तेव्हा खाली सगळं खोरं दुधानं भरल्यासारखं दिसत होतं. मला रडू आलं तर मी काय करू? दमलो होतो.

सगळे जमले. मॉरिसेत शेवटी आली, तोंड टोमॅटोसारखं झालेलं. वाडी आता पुढच्या वळणापलीकडे, आणि तिथपर्यंत रस्ता सपाट.

"तू पुढे हो," फ्लोरियाँ तिला म्हणाला. "आम्ही तुझ्या मागून येतो. तुझी बहीण आहे."

"वेडा की काय तू? मला ती नेहमीच बघते. तिला शर्यत बघायचीय. थांबायचं नाही, हात हलवायचे नाहीत, लाडंलाडं हसायचं नाही. सुटा सगळे, आणि खरे सुटा. खोटं चालवलंत तर तिला कळतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला श्वास घेऊ दे. मी येते मागून."

तर आम्ही सुटलो. आणि काय सुटलो म्हणता. कास्तेलब्रूच्या पाटीसाठी मी कधी तसा गेलो नाही. वळणावर दगडी कुंपणाला कोपर घासलं, मेंढ्या पळाल्या, कुणीतरी मागे ओरडलं, आणि समोर फाटक दिसलं. खुर्चीत लेओंतीन, अंगात निळा कोट, केस विंचरून बसवलेले, मांडीवर पातेलं आणि हातात पळी. आम्हाला बघितलं आणि तिनं ते पातेलं असं बडवायला घेतलं की चर्चच्या घंटेनं लाजावं. फ्लोरियाँ पहिला, त्याच्या मागे तिएरी, मग मी. तिच्यासमोरून जाताना तिचा आवाज आला, "तू, खाटका, कोपरं आत घे." मी खाटीक आहे हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मी कोपरं आत घेतली.

वाडी संपली तिथे बाकीचे रस्त्याकडेच्या गवतात आडवे झाले. मी मात्र सायकल वळवून परत आलो, कारण मला राहवेना. फाटकापासून जरा अलीकडे एका ओकाखाली थांबलो.

तेव्हा वळणावरून मॉरिसेत आली. एकटी. हिरवी सायकल करकर करत, सावकाश. लेओंतीननं पातेलं खाली ठेवलं आणि पुढे वाकली. पळी हातात तशीच. मॉरिसेत फाटकाशी आली, एक पाय टेकला.

"बघितलास माझा क्लब?"

"बघितला."

"आहे ना?"

"आहे. बराच मोठा आहे." लेओंतीननं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि तू शेवटी."

"शेवटी," मॉरिसेत म्हणाली. "मी नेहमी शेवटीच असते, लेओंतीन. तुला कधी सांगितलं नाही."

"बरं आहे की. त्यांचं काय बघितलं मी? आले नि गेले, पाठी तेवढ्या दिसल्या. तू आलीस ती मला त्या वळणापासून दिसलीस. सगळी दिसलीस." तिनं पळी रस्त्याकडे रोखली. "पाठ वाकते तुझी. लहानपणी सांगून सांगून थकले, सरळ बसत नाहीस. जा, पुन्हा वळणापर्यंत जा आणि ये. मला अजून बघू दे."

मॉरिसेतनं बाहीनं डोळे पुसले, सायकल वळवली, पाठ ताठ केली आणि निघाली.